मंगळवार तं येतेच

दिग्रस, ५ ऑक्टोबर २०२५

घनश्याम,

फोन तू कापतोस म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस एकदा वाचतोच. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, तू दोनदा वाचशील.

घरी आपण बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलतो, पण लिहायला बसले की हाताला शाळेतली मराठीच येते; आईला याडी म्हणायची सवय तेवढी सुटत नाही. बापूचं बोलणं मात्र वऱ्हाडीत, लोकांसमोर ते जसं बोलतात तसंच लिहीन.

वैशाखात याडी गेली. तेरवीच्या दिवशी मांडवात सगळा तांडा बसलेला असताना तू बापूला म्हणालास, "तुम्ही कंटाळले व्हते. दर मंगळवारी, दर शुक्रवारी तिले यवतमाळले नेऊन नेऊन कंटाळले, म्हणून घरी बसवली तिले." बापूनी तुझी बॅग उचलून अंगणात ठेवली आणि म्हणाले, "या घरात पुन्हा पाय ठेवू नको." त्या दिवसापासून तू पुण्यात आणि बापू तांड्यात. दोघांचं तोंड बंद. मी मधे दिग्रसला, तिकडे अर्धवट मुलगी, इकडे अर्धवट बहीण.

मी तेव्हा सांगितलं ते पुन्हा सांगते. डायलिसिस थांबवायचं याडीनंच ठरवलं. डॉक्टरांनी तिला समोर बसवून सगळं समजावलं. थांबवलं तर काय होईल, तेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर बापूला म्हणाली, "आता मले हालवू नका. मले आपल्या अंगणातून जायचं हाय." बापू त्या रात्री जेवले नाहीत, पण सकाळी तिची खाट त्यांनीच निंबाखाली काढली. मी तिथे होते. तुला हे खोटं वाटतं, कारण तू तिथे नव्हतास. त्यात तुझा दोष नाही. पण तू नव्हतास म्हणून ते घडलंच नाही, असंही नाही.

आता खरी गोष्ट.

दसऱ्यापासून माझी ड्युटी बदलली. पुसदची गाडी गेली, दिग्रस-यवतमाळ आली. शुक्रवारी सकाळी आपल्या तांड्याच्या फाट्यावर गाडी थांबली आणि चढले कोण? बापू. धुतलेलं धोतर, पागोटं नीट बांधलेलं, खांद्याला पिशवी. मला पाहून जरा थबकले. मग खिडकीजवळ बसले आणि माणसानं अनोळखी कंडक्टरला सांगावं तसं म्हणाले, "यवतमाळ. हाफ."

"यवतमाळले काहून?"

"काम हाय."

"काय काम?"

"बाई, तू तिकीट दे. मागे लोकं उभे हायेत."

मी तिकीट दिलं. यवतमाळच्या स्टँडवर उतरून ते मागे वळून न पाहता गेले. संध्याकाळच्या गाडीला परत आले, तेव्हाही नुसतं तिकीट घेतलं. त्यांच्या शेजारी बसलेल्या बाईनं मला सांगितलं, "हे बुवा तं दर मंगळवारी अन् शुक्रवारी असतात."

मंगळवारी आणि शुक्रवारी, घनश्याम. अजून.

काय चाललं आहे ते मी शोधणार आहे. सापडलं की तुला कळवीन. तू उत्तर लिही किंवा नको लिहू, पत्र येत राहील.

बाई (बबिता)


दिग्रस, १५ ऑक्टोबर २०२५

घनश्याम,

सापडलं.

काल मंगळवार. यवतमाळला गाडी लागल्यावर ड्रायव्हर घाटेभाऊ चहाला गेले आणि मी सरळ सरकारी दवाखान्याची वाट धरली. डायलिसिसचा वॉर्ड तुला माहीत आहे, तू एकदा आला होतास. दाराच्या काचेतून पाहिलं. बापू याडीच्या खाटेजवळ बसले होते. म्हणजे ज्या खाटेवर याडी असायची तिच्याजवळ. आता तिथं दुसरी एक म्हातारी आहे. नेरकडच्या खेड्यातून येते. तिचा मुलगा तिला सोडतो आणि मजुरीवर जातो. सुई टोचताना ती घाबरते. बापूनी तिचा दुसरा हात धरला होता आणि तिला विचारत होते, "तुमच्याकडं सोयाबीन काढली का?" ती सोयाबीनचं सांगत राहिली आणि सुई टोचून झाली.

मी आत गेले. बापू दचकले नाहीत. म्हणाले, "चप्पल बाहेर काढ."

शेजारच्या खाटेवर रत्नप्रभाबाई होत्या. यवतमाळच्याच, शाळेतून रिटायर झालेल्या, नवरा नाही, मुलगी परदेशात. याडी त्यांच्याशी भांडायची ते आठवतं का? त्या पेपर मोठ्यानं वाचायच्या आणि याडी म्हणायची, "बाई, चांगली बातमी असंल तंच वाचा, नाईतं झोपू द्या." त्यांनी मला ओळखलं. म्हणाल्या, "रुपीबाई गेल्या त्याच्या दुसऱ्या आठवड्यात हे आले. आम्हाला वाटलं, काही कागद राहिला असेल. तर हे स्टूल ओढून बसले. तेव्हापासून येतात. नवीन पेशंट आला की तो घाबरलेला असतो, घरचे त्याहून घाबरलेले असतात. हे त्यांना खाली घेऊन जातात, चहा पाजतात, सांगतात की माणूस संध्याकाळी चालत घरी येतो म्हणून."

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. बापूच्या शेजारी बसले.

"बापू, कायले जाता?"

ते खिडकीबाहेर पाहत होते.

"तुही याडी गेली," ते म्हणाले. "मंगळवार कुठी गेला? मंगळवार तं येतेच. सकाळी उठलो का पाय फाट्याकडं जाते. दोनदा घरी बसून पाह्यलं. नाई जमलं."

"मले सांगायचं तं खरी."

"तू काय केलं असतं? म्हनली असती, बापू दगदग नका करू. मले दगदग नाई होत."

ते कंटाळले असं तू म्हणालास ना? मी त्यावर काही लिहीत नाही. पाहिलं ते लिहिलं.

दुसरी गोष्ट. यंदा लक्ष्मीपूजन मंगळवारी आहे. याडी नसलेली पहिली दिवाळी. याडीची धाकटी बहीण सुखीबाई मावशी येते आहे, तांड्याचे नायक बाबूसिंग काका घरी येऊन सांगून गेले की दुःखाचं घर म्हणून दिवाळी मोडायची नाही. तुझे दाजी फुलचंद आणि आमची सोनू आधीच तांड्यात जातील. मला त्या दिवशी रजा नाही, एसटीत दिवाळीला रजा मागणाऱ्या कंडक्टरवर सगळा डेपो हसतो. संध्याकाळी मी पोचेन.

तू दिवाळीला भैरवीच्या माहेरी यवतमाळला येणार आहेस हे मला कळलं. तिनं सोनूला फोनवर सांगितलं. सासरे सदाशिवराव चांगले आहेत, त्यांच्याकडे दिवाळी कर. पण यवतमाळ ते तांडा किती वाट आहे ते मी रोज पाहते. फार नाही.

वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर. एवढं लिहून थांबते.

बाई


तांडा, २२ ऑक्टोबर २०२५, पाडवा

घनश्याम,

आज माझी सुट्टी. निंबाखाली बसून लिहिते आहे. पोरी रानातून फुलं घेऊन आल्या, आता त्या दारोदार शेणाच्या गोधनावर फुलं वाहताहेत. सोनूच्या ओच्यात एवढा झेंडू आहे की तिला चालता येत नाही.

काल काय झालं ते क्रमानं सांगते. त्यातलं थोडं तुला माहीत आहे.

सकाळी सुखीबाई मावशी उठली तर चुलीवर पातेलं आणि बापू गायब. पातेल्याच्या तळाला लापसी जळलेली. बापूनी आयुष्यात पहिल्यांदा लापसी केली होती, कोणाला न विचारता. मावशीनं मला फोन केला, मी गाडीत होते. ती म्हणाली, "दिवाळीच्या दिवशी घर टाकून म्हातारा गेला कुठी? लोकं काय म्हनतील?"

"मावशी, बापू माझ्या समोर बसून हायेत. मांडीवर डबा हाय."

"कायचा डबा?"

"लापसीचा."

मावशीनं पातेलं खरवडून चाखलं असावं. मग म्हणाली, "गूळ कमी टाकला त्यानं. सांग त्याले."

मी सांगितलं. बापू म्हणाले, "मुद्दाम कमी टाकला. त्या लोकाईले गोड जास्त चालत नाई."

वॉर्ड दिवाळीलाही चालू असतो. रक्ताला सण कळत नाही. सिस्टरनं कपाळाला हात लावला, पण प्रत्येकाला चमचाभर देऊ दिली. रत्नप्रभाबाईंनी खाऊन तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "भावसिंगजी, करपली आहे." बापू म्हणाले, "व्हय. पह्यलीच व्हती." सगळा वॉर्ड हसला. घनश्याम, त्या खोलीत एवढं हसणं मी याडी असतानाही ऐकलं नव्हतं.

मी हे स्वतः पाहिलं नाही, हसणं तेवढं जिन्यात ऐकलं, बाकी बापूनी सांगितलं. मी खालून जिना चढत होते तेव्हा तू उतरत होतास. तू मला पाहिलं नाहीस. हातात मिठाईचा पुडा होता, तसाच, न उघडलेला. मी हाक मारत मागे आले. तू सदाशिवरावांच्या स्कूटीवर बसलास आणि गेलास.

मला राग आला. परतीच्या गाडीत मी बापूला काहीच सांगणार नव्हते. दारव्हा मागे पडल्यावर बापूच म्हणाले, "घनश्याम आलता."

"तुम्ही पाह्यलं?"

"खिडकीच्या काचेत दिसला. दारात उभा व्हता. त्या म्हातारीचा हात माह्या हातात व्हता, सोडता नाई आला. सोडला असता तं तो पयून गेला असता. तसाही गेलाच."

"हाक मारायची होती."

"म्या त्याले हाकललं व्हतं, बाई. हाकललेल्या माणसाले लोकाईसमोर हाक मारली तं त्याले खाली पाहा लागते. माह्या पोराले तिथं खाली पाहाले लावत नाई मी."

मग म्हणाले, "आला तं खरी."

संध्याकाळी बापू फाट्यावर उतरले, मी डेपोत गाडी लावून मागून तांड्यात पोचले. दिवे लागायच्या वेळेला पोरी दिवे घेऊन निघाल्या, घराघरात मोठ्यांपुढे मेराचं गाणं म्हणून आशीर्वाद मागायला. मी अंगणात उभी होते. आपल्या घराजवळ येऊन पोरी थांबल्या. याडीचं घर, काय करावं त्यांना कळेना. पुढची पोरगी मागच्यांकडे पाहायला लागली. दरवर्षी याडी उंबऱ्यात बसून त्यांचं ऐकायची आणि प्रत्येकीच्या दिव्यात आपल्या हातानं तेल घालायची. उंबरा रिकामा होता.

बापू आतून आले. तेलाची बुधली हातात. उंबऱ्यावर बसले, याडी बसायची तिथंच, आणि म्हणाले, "काहून थांबल्या? या. दिवे वाऱ्यानं इझून जातीन."

पोरी आल्या. सोनूही त्यांच्यात. तिनं बापूसमोर दिवा धरला, मेरा म्हणता म्हणता तिचा आवाज गेला. बापूनी तिच्या दिव्यात तेल घातलं. थोडं सांडलं. बायका रडल्या, मावशी तर मोकळं रडली. मी रडले नाही, मला बापूकडे पाहत राहायचं होतं. ते सगळ्या पोरींचं होईपर्यंत उठले नाहीत.

आता आज सकाळचं. धबुकार. तुला माहीत आहे, पाडव्याला गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर तूप आणि लापसी टाकून गेलेल्यांची नावं घेतात. यंदा याडीचं नाव पहिल्यांदा घ्यायचं होतं. बाबूसिंग काका नायक म्हणून पुढे बसले. निखारे फुलले तेव्हा ते म्हणाले, "भावसिंग, पोरगा नाई तं पुतण्याले बसव. आईचं पोरानं टाकायचं असते."

बापू म्हणाले, "बबिता टाकंल."

"ती लगन होऊन परक्या घरी गेली. तिचं घराणं दुसरं."

"तिची याडी परकी नव्हती."

काका थोडे तापले. "रीत हाय, भावसिंग. तू आज मोडली तं उद्या सगळे मोडतीन."

बापू मोठ्यानं बोलले नाहीत. म्हणाले, "नायका, रुपीले अखेरीले उचलून कूस कोण बदलवत व्हतं? हे पोट्टी रात्रपाळी करून येत व्हती अन् बदलवत व्हती. तेव्हा कोनी आलं नाई सांगाले का परक्या घरची हाय म्हनून. आज तूप टाकाची येळ आली तं रीत आठवली."

काकांनी काडीनं निखारे सारखे केले. शेवटी त्यांनी तुपाची वाटी उचलली आणि माझ्या हातात दिली. त्यांनीच दिली, हे लिहून ठेवते. मी बसले. आधी आजाचं नाव, आजीचं, मग याडीचं. तूप पडल्यावर जाळ एकदम वर आला. रुपीबाई म्हटलं तेव्हा माझा आवाज नीट निघाला. मला त्याचा अभिमान वाटतो.

आत्ता बापू इथून गेले. विचारलं, "त्याले लिहून राह्यली का?"

"हो."

"रोज लिहिते?"

"नाही. घडलं की लिहिते."

थोडं पुढे जाऊन परत आले. म्हणाले, "मंग हे लिही. म्या त्याले घरात पाय ठेवू नको म्हनलं. दवाखान्यात येऊ नको असं म्या कुठी म्हनलं? शुक्रवार परवाच हाय."

शब्द त्यांचे आहेत. मी एकही बदललेला नाही.

उद्या भाऊबीज. उद्या मी ड्युटीवर यवतमाळला येते आहे, हे पत्र भैरवीच्या हातात देऊन जाईन. ओवाळायला थांबणार नाही. गाडी उभी असते.

बाई


दिग्रस, २ नोव्हेंबर २०२५

घनश्याम,

नीट पोचलास हे कळलं. भैरवीला सांग, सोनूला तिनं दिलेली ओढणी ती झोपतानाही काढत नाही.

भाऊबीजेनंतरच्या शुक्रवारी तू वॉर्डात होतास, तरी लिहिते. तुला तुझी बाजू दिसली, माझी नाही.

मी वॉर्डच्या दारात आले तेव्हा तू आणि बापू समोरासमोर उभे होतात. मला वाटलं, आता दोघंही आपापल्या बाजूला वळतील. तेवढ्यात एक नवीन माणूस आला, बायकोला खुर्चीवर बसवून भांबावून उभा राहिलेला. बापूनी त्याच्याकडे पाहिलं आणि तुला म्हणाले, "यांले खाली घेऊन जाय. कागद कुठी दाखवायचा ते विचार. अन् चहा पाज."

तू गेलास. पाठमोरा गेलास म्हणून तुला दिसलं नाही. बापू स्टुलावर बसले आणि त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग पागोटं काढून तोंड पुसलं. रत्नप्रभाबाईंनी पाहिलं आणि पेपर वर धरला. त्यांनी त्या दिवशी मोठ्यानं वाचलं नाही.

परतीच्या गाडीत तुम्ही दोघं शेजारी बसलात. मी तिकिटं देत होते, पण कान तिकडेच. तू म्हणालास, "बापू, मी चुकलो."

बापू म्हणाले, "व्हय, चुकला." मग म्हणाले, "सरक जरा, ऊन लागते."

तू सरकलास. फाट्यावर दोघं उतरलात. मला उतरता येत नव्हतं, गाडी भरलेली. बेल दिली आणि मागच्या काचेतून पाहत राहिले, बापू पुढे, तू मागे. घरी काय झालं ते मावशीनं सांगितलं. तू अंगणाच्या कडेला थांबलास. बापू आत गेले. मावशी म्हणते, तिला वाटलं हे आता दार लावून घेतात की काय. ते पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले, तुझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "पाय धू. मंग आत ये." मावशी हे तीन माणसांना सांगून आली आणि प्रत्येक वेळी रडली.

निंबाखालच्या याडीच्या खाटेची गोष्ट त्यांनी तुला सांगितली, हे तू मला म्हणालास. त्यांनी काय सांगितलं ते मी विचारणार नाही. ते तुमच्या दोघांचं आहे.

आता तुला माहीत नसलेलं.

तू परत गेलास त्यानंतरच्या मंगळवारी बापू नेहमीसारखे फाट्यावर चढले. "हाफ," म्हणाले. मग पिशवीतून फोन काढून माझ्यापुढे धरला. "याच्यात घनश्यामचा नंबर टाक. एक बटन दाबलं का लागला पाह्यजे." मी टाकून दिला. मागे गेले, तिकिटं देत परत आले तर बापू फोनवर बोलत होते. आपण तांड्यात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हाक मारतो तसे, फोन असो वा नसो. तू पलीकडून काय म्हणत होतास ते मला ऐकू आलं नाही. बापूचं बोलणं सगळ्या गाडीनं ऐकलं. "जेवला का? काय जेवला? भैरवी कशी हाय? थंडी हाय का तिकडं? आपल्याकडं आजून नाई पडली." घाटेभाऊंनी हॉर्न वाजवायचं थांबवलं.

तुझं ऑफिस सुरू होत असेल, तू फोन ठेवलास. बापूनी तो कानाला तसाच धरून ठेवला. खिडकीबाहेर कापूस फुटलेली शेतं चालली होती. शेजारी एक कॉलेजची पोरगी बसली होती, तिला वाटलं त्यांना समजलं नाही. ती म्हणाली, "आजोबा, फोन बंद झाला."

"माहीत हाय," बापू म्हणाले. "राहू दे जरा."

बाई